‘पळोवया’ म्हणू नका: आपल्याच वाड्यावर राहून पंच होण्याबद्दल

फोंडा तालुक्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. वय अठ्ठावन्न, बँकेतून नुकतेच निवृत्त, जन्म त्याच वाड्यावरचा. शेजारीपाजारी मागे लागलेत की पुढच्या पंचायत निवडणुकीला उभे राहा. वॉर्डात साडेचारशेच्या आसपास मतदार, त्यातली निम्मी घरं भावकीतली नाहीतर सोयऱ्यांची. ते लिहितात, ‘आजवर कोणाशी वाकडं आलेलं नाही. पंच झालो की कोणाला ना कोणाला नाही म्हणावं लागणार. मग म्हातारपण याच वाड्यावर कसं काढायचं? आणि हरलो तर तोंड कसं दाखवायचं?’

मी डिचोली तालुक्यातली. १९८४ साली लग्न होऊन या गावात आले आणि बरीच वर्षं घरी बसून शिवणकाम केलं. २००२ मध्ये आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि घरच्यांनी मला उभं केलं. निवडून आले. २००७ मध्ये हरले. २०१२ आणि २०१७ मध्ये खुल्या वॉर्डातून निवडून आले, त्यात एकोणीस महिने सरपंच होते. २०२२ मध्ये उभी राहिले नाही, गुडघ्यांनी साथ सोडली. म्हणजे पंधरा वर्षं पंच, आणि चाळीस वर्षं त्याच वाटांवरून चालणारी शेजारीण. त्या भरवशावर लिहिते.

तुमचा प्रश्न नात्यांचा वाटतो, पण त्याच्या आत दुसराच प्रश्न दडलाय: नाही कधी म्हणायचं, आणि कोणी म्हणायचं. स्पष्ट नकार मिळाला म्हणून कायमचं तुटलेलं घर मला आमच्या गावात एखाददुसरंच आठवतं. ‘पळोवया’ या एका शब्दाने दुरावलेली घरं मात्र मी बोटांवर मोजून दाखवू शकते. पळोवया, म्हणजे बघूया. कोणी अर्ज घेऊन आलं, काम होणार नाही हे आपल्याला दिसतंय, पण समोर मामेसासऱ्यांचा जावई उभा आहे. तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून आपण म्हणतो, ‘पळोवया.’ तो घरी जाऊन सांगतो, ‘काम झालं, वयनी बघते म्हणाली.’ पुढे सहा महिने तो वाट बघतो आणि आपण त्याची वाट चुकवतो. सातव्या महिन्यात त्याला कळतं की हे होणारच नव्हतं. त्याला नकाराचा राग येत नाही, सहा महिने फिरवल्याचा येतो.

हे मी फार उशिरा शिकले, आणि एका बाईला त्याची किंमत मोजावी लागली. ते आधी सांगते.

माझ्या पहिल्याच टर्ममधली गोष्ट. वाड्याच्या टोकाला एक विधवा आजी राहायची, मुंडकार. गोव्याबाहेरून वाचणाऱ्यांसाठी सांगते: भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने घर करून पिढ्यानपिढ्या राहिलेलं कुटुंब म्हणजे मुंडकार. १९७५ च्या कायद्याने त्यांना हुसकून लावण्यापासून संरक्षण दिलं. घराभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत. जोत्याचं क्षेत्र न वाढवता आहे तेवढ्या घराची दुरुस्ती करायचा हक्कही त्यात आहे. आजीच्या घराचे वासे वाळवीने खाल्ले होते, छपराचे नळे, म्हणजे कौलं, सरकली होती. आगोटीच्या आधी, मार्चमध्येच तिने पंचायतीत दुरुस्तीचा अर्ज दिला. भाटकाराच्या घरून हरकतीचं पत्र आलं. भाटकार मुंबईला, आणि माझ्या सासरच्यांचे जवळचे. पंधरवड्याच्या बैठकीत विषय आला तेव्हा मी काहीच बोलले नाही. ‘कागद बघून ठरवू’ असा शेरा पडला आणि मला आतून सुटल्यासारखं वाटलं. आजी दारात आली की मी म्हणायचे, ‘पळोवया आजी, पुढच्या मीटिंगेक येतलें.’ तशा पाच बैठका गेल्या. मिरग लागला. आजीने तो पावसाळा निळ्या ताडपत्रीखाली काढला, आणि श्रावणात एका रात्री मागच्या खोलीची मातीची भिंत बसली. तिला लागलं नाही, ती पुढच्या खोलीत झोपली होती.

दुसऱ्या दिवशी मी गेले. तिने पाणी दिलं, बसायला पाट दिला आणि म्हणाली, ‘बाये, तू ना म्हणली आसती जाल्यार हांव मामलेदाराकडे गेली आसती. म्हाका खबर आसा थंय वचपाक.’ नाही म्हटलं असतंस तर मी मामलेदाराकडे गेले असते, मला तिथे जाता येतं. त्या वाक्याने माझं सगळं पंचपण उलटंपालटं झालं. मी तिला नकारापासून वाचवत होते असं मला वाटायचं. प्रत्यक्षात मी तिची दुसरी वाटही अडवून बसले होते. तुमचा ‘नाही’ हा त्या माणसासाठी कागद असतो. तो घेऊन तो अपिलात जातो, मामलेदाराकडे जातो, कोर्टात जातो. बांधकामाच्या अर्जावर पंचायतीने मुदतीत निर्णय दिला नाही तर पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येतं, ते याचसाठी. ‘पळोवया’ घेऊन माणूस कुठेच जाऊ शकत नाही.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे, ते मान्य करते. माझं गाव आतलं आहे. किनारपट्टीच्या पंचायतीत जमिनीचा भाव असा असतो की एका लायसन्सच्या सहीमागे कोटींचा व्यवहार उभा असतो. तिथला दबाव मी भोगलेला नाही आणि तिथल्या पंचांना मी उपदेश करणार नाही. तुमच्या फोंड्याकडे काही गावांत औद्योगिक वसाहती आहेत, काही गावं नुसती कुळागरांची, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांची. पंचायतीचं उत्पन्न, अर्ज कसले येतात, दारात कोण येतं, सगळं त्यावर ठरतं. आमच्याकडे २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकवाल्यांच्या घरांत हप्ते थकले. त्या वर्षी पंचाच्या दारात येणारी माणसं बांधकामाचा विषय घेऊन येत नव्हती, काम मागायला येत होती. तेव्हा गाव कुठलं आणि वेळ कुठली, यावर तुमचा दिवस कसा जाईल ते ठरेल. माझं सांगणं या सगळ्यांच्या पलीकडचं जेवढं आहे तेवढंच घ्या.

तुम्ही बँकेतले, हिशेब कळतो, म्हणून पंचायतीची मांडणी थोडक्यात सांगते. ती नीट न कळल्यामुळेच निम्मे ‘पळोवया’ तयार होतात. गोव्यात १९९४ च्या पंचायत राज कायद्याने दोनच पायऱ्या आहेत, खाली ग्रामपंचायत आणि वर जिल्हा पंचायत. महाराष्ट्रासारखी मधली पंचायत समिती आपल्याकडे नाही. एकूण १९१ ग्रामपंचायती. लोकसंख्येनुसार पाचपासून अकरापर्यंत पंच. सरपंच लोक थेट निवडत नाहीत, पंचांनी आपल्यातून निवडायचा. निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पण कोणाचं पॅनल कोणाचं हे चहाच्या गाड्यावर सगळ्यांना पाठ असतं. सात पंच असतील तर सरपंचपद चार सह्यांवर टांगलेलं असतं. माझंही तसंच गेलं. एका सकाळी अविश्वासाच्या ठरावाची नोटीस आली, चार सह्या. त्यातली एक सही अशा बाईची होती जिच्या मुलीच्या लग्नातले सगळे ब्लाऊज मी शिवले होते. मी रडले, हे लपवत नाही. पण तिनं आदल्या संध्याकाळी घरी येऊन मला सांगितलं होतं, ‘वयनी, हांव उद्यां सय करतलें.’ म्हणून आज आम्ही दोघी एका बसने जत्रेला जातो. इतर तिघांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्याशीही बोलणं आहे, पण ते वेगळं.

तुमचा अधिकार कुठे संपतो, हे उभं राहण्याआधी शिकून घ्या. लोक पंचाकडे सगळं आणतात. नळाला पाणी नाही, ते पाणीपुरवठा खात्याचं. ट्रान्सफॉर्मर उडाला, वीज खात्याचा जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता. मोठा रस्ता बांधकाम खात्याचा. कोमुनिदादच्या, म्हणजे जुन्या गावकरी संस्थेच्या सामाईक, जमिनीवर पंचायतीची सत्ता नाही. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, मुंडकारी, कूळ, हे मामलेदाराकडे. शेजाऱ्याचा फणस घरावर कलला तर कापायला वनखात्याची परवानगी लागते, १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. देवळाच्या महाजनांचा वाद आला तर हात जोडा. देवस्थानांचा प्रशासक मामलेदार असतो. १९३३ पासून पोर्तुगीज काळातला देवस्थान कायदा आहे, त्यात पंचाला कुठेच जागा नाही. मी एकदा पालखीच्या मानावरून मध्ये पडले, दोन्ही बाजूंनी बोलणी खाल्ली आणि वाद जिथे होता तिथेच राहिला. पंचायतीचं स्वतःचं म्हणाल तर घरपट्टी, बांधकामाचं लायसन्स, व्यवसायाचे परवाने, आतले रस्ते आणि गटारं, कचरा, रहिवासी दाखले, ग्रामसभेचे ठराव. वित्त आयोगाचा पैसा येतो, पण त्यातला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेच्याच कामांना बांधलेला असतो. तो उचलून कोणाच्या दारातला रस्ता करता येत नाही.

हे माहीत असलं की तुमचं उत्तर बदलतं. ‘पळोवया’च्या जागी तुम्ही म्हणता, ‘हे पंचायतीचं नाही, अमक्या ऑफिसात जायचं, हे दोन कागद लागतील, सोमवारी मी डिचोलीला जाणार आहे, बरोबर चला.’ हाही नकारच आहे, पण माणूस तुमच्या दारातून रिकाम्या हाताने जात नाही. माझ्या पंधरा वर्षांतलं निम्म्याहून अधिक काम असं होतं: दुसऱ्याच्या खात्यातल्या कामासाठी आपल्या माणसाबरोबर बाकावर बसणं. त्याचा फोटो निघत नाही. माझ्या मते पंचाचं खरं काम तेच.

खऱ्या नकाराचं काय, जिथे सही तुमचीच आहे आणि ती तुम्ही करायची नाही? त्याची माझी काही पथ्यं आहेत. ती मी चुकत चुकत जमवली.

पहिलं म्हणजे, नाही सांगायला त्यांच्या घरी जायचं. पंचायतीच्या काउंटरवर नाही, फोनवर नाही, आणि चुकूनही कोणाकरवी निरोप धाडून नाही. संध्याकाळी दिवे लागल्यावर जायचं, घरातली मोठी माणसं असताना. मुलगा अर्ज करतो, पण न मिळाल्याचं दुःख आई-वडिलांना होतं. त्यांना कारण कळलं पाहिजे. कारणही कागदावरचं सांगायचं: टीसीपीची, म्हणजे नगरनियोजन खात्याची, मंजुरी नाही, रस्त्यापासून अंतर कमी पडतं, एक-चौदावर सहमालकांची नावं आहेत आणि त्यांची संमती नाही. ‘वरून दबाव आहे’ असं सांगायचं नाही. वरचा दबाव खरा असला तरी तो तुम्ही पत्करलेला असतो, मग त्यामागे लपू नये.

दुसरं, सचिवावर ढकलायचं नाही. फार मोह होतो याचा. ‘आमी तयार आशिल्ले, पूण सेक्रेटरी आयकना.’ सचिव बदलून जातो, त्याला गावात राहायचं नसतं, म्हणून त्याच्या डोक्यावर ठेवायला बरं वाटतं. मग गावाला कळतं की पंच काही ठरवत नाहीत. पुढच्या वेळी लोक थेट आमदाराच्या घरी जातात आणि पंचायत रबरी शिक्का होऊन बसते. आणि तो सचिवसुद्धा कोणाच्या तरी गावचा, कोणाचा तरी मुलगा असतो.

तिसरं पथ्य सगळ्यात जड आहे, आणि तुमचा प्रश्न शेवटी त्याच्यावरच येऊन थांबतो. पहिला नकार आपल्या घरातला द्यायचा. २०१३ मध्ये माझ्या धाकट्या दिरांनी आवाराला नवी दगडी कंपाऊंड भिंत घालायला घेतली. भिंत जुन्या वाटेत दीड-दोन फूट पुढे येत होती. त्या वाटेने शाळेची मुलं जातात, पलीकडच्या चार घरांची प्रेतयात्राही तिथूनच निघते. पलीकडच्या एकाने तक्रार दिली. दीर म्हणाले, ‘वयनी, तुजें घर आनी तूंच आड येता?’ आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर रानफळांनी सजवलेली चौकट, बांधायची ती त्यांनीच. रानातून कांगलां, फागलां, आट्टकां ते आणायचे, माझ्या लग्नापासून. मी त्यांच्या अंगणात बसून सांगितलं, ‘ही भिंत मागे घ्या. बैठकीला विषय आला की मी बाहेर जाऊन बसेन, नात्याचा विषय आहे म्हणून मत देणार नाही. पण कोणी विचारलं तर वाट पूर्वी केवढी होती ते खरं सांगेन.’ भिंत मागे गेली. त्यानंतरच्या दोन चवथी त्यांनी माटोळी बांधली नाही. मुलाने यूट्यूबवर बघून बांधली, वाकडी झाली. आता ते येतात, पूर्वीसारखे बसत नाहीत. हे नुकसान आहे आणि ते अजून भरलेलं नाही. तुम्हाला खोटं का सांगू?

पण त्या भिंतीनंतर गावात दुसऱ्या कोणाला नाही म्हणणं मला जड गेलं नाही. ‘तुझ्या दिराला मिळालं, मला का नाही?’ हे वाक्य पुढे सगळी वर्षं मला कोणी ऐकवू शकलं नाही. छोट्या गावात नियम पुस्तकात कोणी वाचत नाही, तो कोणाकोणाला लागला ते बघतात. म्हणून उभं राहायच्या आधी तुमच्या भावांना आणि पत्नीला एका जागी बसवा आणि विचारा: आपल्या घरातलं कुठलं बांधकाम, कुठली गोठ्याची शेड, कुठलं गॅरेज कागदाशिवाय उभं आहे? असेल तर ते आधी सरळ करा. ते जमणार नसेल, किंवा घरचे म्हणाले की ‘तू पंच झालास की करून घेऊ’, तर माझा स्पष्ट सल्ला आहे, उभे राहू नका. तुमची भीती मग खरी ठरेल.

घर नंबराबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तुमच्या दारात सगळ्यात जास्त हीच मागणी येईल. ‘घर नंबर घाला, वीज-पाणी मिळेल, बाकीचं मागाहून बघू.’ मागणारा बहुतेक वेळा गरजू असतो. मुलाचं लग्न ठरलेलं असतं, वडिलोपार्जित घरात चार भावांचे चार संसार झालेले असतात, वाटण्या झालेल्या नसतात. त्याने मागे एक खोली काढलेली असते. माझंही मन पाघळायचं. पण घरपट्टी घेतली म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. उलट त्या माणसाला वाटतं की झालं, आता सुरक्षित, आणि तो त्या खोलीवर आणखी दोन लाख घालतो. पुढे तक्रार झाली की पाडायची नोटीस येते, आणि तीही पंचायतीच्याच शिक्क्याने. २०२५ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रस्त्याकडेच्या आणि शेतांतल्या बेकायदा बांधकामांबद्दल निकाल दिला. त्यानंतर अशा नोटिसा गावोगाव निघाल्या. ज्याला पंचाने ‘दया’ म्हणून नंबर दिला त्याला ती दया महागात पडली. मी अशांना वेळेवर वकिलाकडे पाठवायचे: आधी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसाहक्काची कोर्टातली प्रक्रिया, करा, भावांमध्ये वाटणी करून घ्या, मग कागदावर घर करा. वेळ लागतो, आणि त्या वेळात तो तुमच्यावर रागावलेलाही असतो. असू दे.

माझी एक वही होती, शाळेची दोनशे पानी. ती सवय तुम्हाला बँकेमुळे सहज लागेल. रोज रात्री: तारीख, कोण आलं, काय मागितलं, मी नेमकं काय म्हटलं, काम कोणत्या खात्याचं, पुढे कधी सांगायचं. ‘मी नेमकं काय म्हटलं’ हा रकाना महत्त्वाचा, आणि तो मी आजीच्या भिंतीनंतर घातला. त्यात ‘बघते’ असं लिहिण्याची मी स्वतःला बंदी केली. ‘होईल’, ‘होणार नाही’, किंवा ‘अमक्या तारखेला सांगते’, एवढंच. तिसरं लिहिलं की ती तारीख पाळायची, मग बातमी वाईट असली तरी. अशा अकरा वह्या माझ्या कपाटात आहेत. जुन्या उघडल्या की दिसतं, किती मागण्या एका फोनने सुटण्यासारख्या होत्या. बल्ब गेलाय, गटार तुंबलंय, म्हाताऱ्या माणसाचं दयानंद योजनेचं पेन्शन अडकलंय. यांना कधी थांबवू नका. ज्याचा बल्ब तुम्ही दुसऱ्या दिवशी लावून घेतला तो तुमचा मोठा नकारही ऐकून घेतो, कारण तुम्ही त्याचं ऐकता हे त्याने पाहिलेलं असतं.

ग्रामसभेबद्दलही सांगायला हवं. वर्षाला चार साधारण ग्रामसभा रविवारी होतात, शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरच्या सुमारास खास सभा. आमच्याकडे सुक्या कचऱ्याची शेड कुठे उभारायची यावर तीन ग्रामसभा भांडणात गेल्या. शेड सगळ्यांना हवी होती, आपल्या वाड्यावर नको होती. आम्ही पंचांनी आधी आपसात जागा ठरवली आणि मग सभेत सांगितली, ही आमची चूक. लोक जागेपेक्षा त्या रीतीवर चिडले. चौथ्या वेळी आम्ही कचऱ्याची गाडी घेऊन तीन जागा लोकांबरोबर फिरलो, वास कुठे जाईल, पाणी कुठे वाहील ते उभ्या उभ्या बोललो, आणि मग सभेत विषय ठेवला. विरोध झालाच, पण हात वर करून झाला, आणि ठराव लिहिला गेला. सभेत ओरडणारा माणूस तुमचा शत्रू असतो असं धरू नका. बहुतेकदा त्याला वर्षभरात बोलायला तेवढीच एक जागा असते.

इथवर लिहिलेलं गोळा करून तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देते. तुमचा स्वभाव कोणाशी वाकडं न येऊ देण्याचा आहे. तो पंचासाठी चांगला आहे, पण एका अटीवर: वाकडेपणा टाळायला तुम्ही लोकांना टांगून ठेवणार नसाल तर. बँकेत कर्ज नाकारताना तुम्ही काय करायचा ते आठवा. तिथे समोरचा अनोळखी होता आणि तुमच्यामागे बँक होती. इथे समोर चुलत भाऊ आहे आणि मागे कोणी नाही. तरीही तेच सरळ बोलणं जमेल असं वाटत असेल तर जरूर उभे राहा. गावाला कागद वाचणारा आणि वेळेवर उत्तर देणारा माणूस हवाच आहे. जमणार नाही असं वाटलं तर उभं न राहताही तुमचं काम आहेच. पंचायतीच्या अंदाजपत्रकावर ग्रामसभेत शांतपणे प्रश्न विचारणारा निवृत्त बँकवाला आमच्याकडे एक होता. आम्ही सातही पंच त्याला भिऊन हिशेब नीट ठेवायचो.

एक व्यावहारिक गोष्ट. मतदार यादीत तुमचं नाव याच वॉर्डात आहे ना ते तपासा, घरपट्टी थकलेली असेल तर भरून पावती ठेवा, आणि पंचायतीच्या कुठल्या कामाचा ठेका घरातल्या कोणाकडे असेल तर आधी वकिलाला विचारा. वॉर्डांचं आरक्षण फिरतं, तेव्हा तुमचा वॉर्ड या वेळी खुला राहील असं धरून आत्ताच जेवणावळी सुरू करू नका. मुळात जेवणावळी घालूच नका. ज्याने मतासाठी जेवण घातलं त्याला पुढची पाच वर्षं नाही म्हणता येत नाही.

आता हरण्याबद्दल. २००७ मध्ये मी अकरा मतांनी हरले. अकरा मतं म्हणजे तीन-चार घरं. कुठली, ते मोजायला वेळ लागत नाही. मी दोन दिवस दुकानावर गेले नाही. विहिरीवर बायका बोलायच्या थांबतील असं वाटायचं. मुलगा म्हणाला, त्या घरांत आपण आता पाऊल ठेवायचं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच घरांपैकी एकातली सून आली. पोरीच्या शाळेत प्रवेशासाठी रहिवासी दाखला हवा होता, अर्ज कसा लिहायचा ते तिला ठाऊक नव्हतं, आणि नवा पंच घरी नव्हता. ती उंबऱ्यापाशी उभी राहिली, आत येईना. मी मशीन थांबवलं, चष्मा शोधला आणि तिला म्हटलं, बस. अर्ज लिहून दिला. त्यात एक खाडाखोड झाली म्हणून दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिला.